पालकांस साह्य कसे पोहोचवावे



महोत्सवानिमित्त मुलांच्या संगोपनाविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. परंतु आरंभीच माझी एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी मी रविवारी सकाळी पालकांचा वर्ग भरविला व 'मुलांस वेळेवर निजवावे, बापाने रात्री त्यांच्याजवळ असावे,' असा उपदेश केला. दौंड जंक्शनवर रात्रपाळी करणारा एक बाप हात जोडून म्हणाला, "फादर, मी घरी येतो तेव्हा पोरं शाळेत गेलेली असतात." उपदेश खोटा नव्हता; परंतु त्या घरास तो लागू नव्हता. ऊसतोडीच्या कोपीतील आया तर आल्याच नाहीत. त्या पहाटेपासून फडात होत्या.

आपल्या दोन तालुक्यांतील घरे एका साच्याची नाहीत. दौंडास राखीव पोलिस दलाचा शिपाई बंदोबस्तास गेला, म्हणजे घरी आई एकटी. तिला सोबत हवी. रांजणगावच्या कारखान्यांत परगावाहून आलेल्या तरुण जोडप्यांच्या घरी आजी नसते; त्यांस अनुभवी माणसाचा सल्ला हवा. आणि भीमा व घोड नदीच्या काठी हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोड मातेस सल्ल्याआधी तान्हे मूल सांभाळणारे कोणी हवे.

हे सत्य आपल्या महाराष्ट्रात पूर्वीच ओळखले गेले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले, तेव्हा गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. तीच अंगणवाडी, पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने ते नाव देशभर नेले. गडचिरोलीत डॉक्टर अभय व राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांस शिकवून बाळंतिणीच्या घरी वारंवार पाठविले. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हे कार्य झाले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६० टक्क्यांनी घटले.

यावरून तीन गोष्टी ध्यानी येतात. साह्य घराच्या दाराशी व घराच्या सवडीने जावे. ते देणारी व्यक्ती त्यांच्यातलीच, त्यांची बोली बोलणारी असावी. आणि ती एकदा येऊन न थांबता पुनःपुन्हा यावी. व्याख्यान एक दिवसाचे असते. मूल वाढविणे रोजचे असते.

त्या रेल्वे-बंधूच्या घरी मी पुढे सायंकाळी, तो कामास निघण्यापूर्वी, गेलो. तो मुलीची वेणी घालीत होता. तेवढा अर्धा तास मुलांसाठीच राखावा, एवढेच मी सुचविले. तो नेम त्याने आजवर चालविला आहे.

तरी माझी विनंती अशी की, महोत्सवाचा मंडप उतरल्यावर आपल्यातील अनुभवी माता-पित्यांनी दोघादोघांनी शेजारच्या घरी जावे. प्रथम विचारावे, मग ऐकावे, आणि सांगणे शेवटी. महिन्याने पुन्हा जावे. परमेश्वर या कार्यास यश देवो.