पानगळीत घरी परतणारे

लोकसाहित्याच्या व्यासपीठावरून भुतांचा विषय काढणं काहींना हलकं वाटेल. पण स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमाभागातली जुनी कथागीतं, म्हणजे तिकडची बॅलड्स, ऐकणाऱ्याला भुतापेक्षा त्याची वाट पाहणाऱ्या माणसाचीच काळजी जास्त लागते. या गीतांचं मोठेपण त्यातच आहे.

‘द वाइफ ऑफ अशर्स वेल’ घ्या. एका बाईचे तीन मुलगे समुद्रापार जातात आणि थोड्याच दिवसांत ते गेल्याची बातमी येते. ती रडत बसत नाही. मुलगे हाडामांसाचे घरी येईपर्यंत वारा थांबू नये, समुद्र शांत होऊ नये, असं मागणं मागते. मार्टिनमसच्या सुमारास, रात्री लांब होऊ लागतात तेव्हा, मुलगे दारात उभे राहतात. त्यांच्या टोप्या भूर्जाच्या सालीच्या, आणि ते झाड स्वर्गाच्या दाराशी वाढलेलं. आई चूल पेटवायला सांगते, अंथरूण घालते, उशाशी बसून राहते. कोंबडा आरवला की त्यांना निघावं लागतं.

मार्टिनमस म्हणजे 11 नोव्हेंबर. स्कॉटलंडमध्ये पूर्वी तो खंड भरण्याचा, गडी-मोलकरणी नेमण्याचा, हिवाळ्याच्या बेगमीसाठी जनावरं कापण्याचा दिवस. एरवीही ज्या सुमारास माणसं घर बदलायची, त्याच सुमारास हे मुलगे येतात. जाताना ते निरोप घेतात तो आईचा आणि तिची चूल पेटवणाऱ्या मुलीचा. सगळं गीत या घरगुती निरोपावर तोललेलं आहे.

‘द अनक्वायट ग्रेव्ह’मध्ये एक वर्ष आणि एक दिवस कबरीपाशी शोक करणाऱ्याला मृत व्यक्तीच विचारते, मला झोपू का देत नाहीस? हा विचार आपल्याला परका नाही. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात इंदुमतीसाठी विलाप करणाऱ्या अजाला वसिष्ठांचा निरोप येतो, की आप्तांचे अखंड अश्रू गेलेल्याला जाळतात. दोन परंपरांची गाठ पडल्याचा पुरावा नाही आणि तो शोधायचीही गरज नाही. दुःखाला कुठेतरी थांबवावं लागतं, हे दोन्हीकडच्या माणसांना उमगलं होतं.

‘टॅम लिन’ मात्र हॅलोविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या रात्री घडतं. सेलकर्कजवळ एट्रिक आणि यॅरो या नद्यांच्या संगमापाशी कार्टरहॉ आहे, तिथली ही कथा. परीराणीने पळवलेल्या प्रियकराला जॅनेट घोड्यावरून खाली ओढते. तिच्या मिठीत तो साप होतो, हिंस्र पशू होतो, धगधगता निखारा होतो. ती सोडत नाही. या कथेचा उल्लेख 1549च्या सुमाराच्या ‘द कम्प्लेंट ऑफ स्कॉटलंड’मध्येही आहे. रॉबर्ट बर्न्सने दिलेला पाठ अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘स्कॉट्स म्युझिकल म्यूझियम’मध्ये छापला गेला.

नावं पुरुष संग्राहकांची झाली, पण या गीतांचा मोठा साठा बायकांच्या कंठात होता. ॲबर्डीनच्या प्राध्यापकाची मुलगी ॲना गॉर्डन हिने आई, मावशी आणि घरातल्या जुन्या दाईकडून ऐकलेली गीतं पुढे लिहून दिली. ‘अशर्स वेल’चा पाठ वॉल्टर स्कॉटला मिळाला तो वेस्ट लोदियनमधल्या एका म्हाताऱ्या बाईकडून. तिचं नाव त्याने नोंदलं नाही, ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट. कवी जेम्स हॉगची आई मार्गारेट लेडलॉ हिने तर स्कॉटला तोंडावर सुनावलं होतं, की गीतं गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे, आणि छापून तुम्ही त्यांचा नाश केलात.

तिच्या म्हणण्यातलं तथ्य पुढेही दिसलं. हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्डने 1882 ते 1898 या काळात निघालेल्या ग्रंथांत 305 बॅलड्स पाठभेदांसह दिली. काम अफाट, पण चाली अगदी थोड्या. सेसिल शार्प आणि मॉड कार्पलिस 1916 ते 1918 या वर्षांत अमेरिकेतल्या ॲपलाचियाच्या डोंगरांत फिरले ते चाली टिपण्यासाठीच. तिथे स्थलांतरितांच्या नातवंडा-पतवंडांच्या तोंडी ‘अशर्स वेल’ची मुलं मार्टिनमस विसरून नाताळच्या सुमारास येत होती. सण बदलला, तरी आईने घातलेलं अंथरूण तसंच राहिलं.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव जपलं आणि पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने आवाजही ध्वनिमुद्रित केले. या सभागृहातले जे तरुण अभ्यासक हडळीच्या, मुंज्याच्या, आसरांच्या गाण्यांच्या शोधात गावोगाव जातील, त्यांनी वहीआधी ध्वनिमुद्रणयंत्र बाहेर काढावं. गाणारीचं नाव विचारावं, ते गाणं तिला कोणी शिकवलं हे विचारावं, आणि ती कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाच्या वेळी ते म्हणते, हेही लिहून घ्यावं.