नावावरून साठवण : संगणकीय दफ्तराचे नियम व त्यांची निगा



शासकीय दफ्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना अभिलेखांच्या वर्गीकरणाची पद्धत परिचित आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत 'अ' वर्गाची कागदपत्रे कायम जतन केली जातात. 'ब' वर्गाची ३० वर्षे, 'क' वर्गाची १० वर्षे, 'क-१' वर्गाची ५ वर्षे आणि 'ड' वर्गाची १ वर्ष. प्रकरण निकाली निघाले की लिपिक संचिकेतील मजकूर पाहतो, तिचा वर्ग ठरवितो आणि मगच ती अभिलेख कक्षाकडे जाते. संगणकीय दफ्तरातही कोणती वस्तू कोठे व कशी ठेवावी, हाच प्रश्न उद्भवतो. मात्र तेथे मजकूर वाचणारा लिपिक नसतो. तेथील नियम पुष्कळदा केवळ फाइलचे नाव वाचतो आणि तेही एकदाच, ती फाइल निर्माण होते त्या क्षणी. हे एक तत्त्व ध्यानात घेतले म्हणजे पुढील सारी व्यवस्था आणि तिच्यातील धोके आपोआप उलगडतात.

प्रथम या दफ्तराचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. लक्षावधी फाइली एका यंत्राच्या चकतीवर मावतीलच असे नाही. म्हणून अनेक संगणकांवरील चकत्या जाळ्याने जोडून वापरणाऱ्यास जणू एकच मोठे कपाट दिसावे, अशी योजना केली जाते. हिला वितरित फाइल प्रणाली म्हणतात. आयबीएम कंपनीची 'जीपीएफएस' ही अशीच एक प्रणाली १९९८ साली बाजारात आली. २००६ सालच्या तिच्या ३.१ या आवृत्तीपासून चकत्यांचे निरनिराळे साठागट करून, कोणती फाइल कोणत्या गटात जावी याचे नियम लिहिण्याची सोय झाली. २०१५ साली तिचे नाव 'स्पेक्ट्रम स्केल' झाले व पुढे 'स्टोरेज स्केल' असे ठेवण्यात आले. नियमांची रीत मात्र मूळचीच आहे. जलद पण महाग चकत्यांचा एक गट, मंद पण स्वस्त चकत्यांचा दुसरा गट, आणि महत्त्वाच्या फाइलीच्या एकाऐवजी दोन प्रती ठेवण्याची आज्ञा, हे सर्व या नियमांतून साधता येते.

नियम वरून खाली वाचले जातात आणि जो प्रथम लागू पडेल तोच अमलात येतो. त्याखालील नियम कितीही योग्य असले तरी त्यांची पाळी येत नाही. म्हणून विशिष्ट नियम वर व व्यापक नियम खाली, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे. सर्वांत शेवटी, कोणत्याही नियमात न बसणाऱ्या फाइलींसाठी एक सर्वसाधारण नियम असावा लागतो. तो लिहावयाचा राहिला, तर अशी फाइल निर्माणच होत नाही. खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याचे काम अडते आणि कारण त्याला समजत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या कार्यालयाने फेरफार नोंदवह्यांच्या प्रतिमा घेतल्या. ज्या फाइलीचे नाव 'टिफ' या अक्षरांनी संपते, तिच्या दोन प्रती सुरक्षित गटात ठेवाव्यात, असा नियम केला. प्रतिमायंत्राने नावे मोठ्या रोमन अक्षरांत दिली आणि नियमात ती लहान अक्षरांत लिहिली होती. माणसाच्या दृष्टीने दोन्ही एकच. यंत्राच्या दृष्टीने भिन्न. सर्व प्रतिमा शेवटच्या सर्वसाधारण नियमाने एकप्रती गटात गेल्या. कोठेही त्रुटीचा संदेश नाही, कपाट पूर्ववत उघडते, फाइली दिसतात. ज्या दिवशी एखादी चकती निकामी होईल, त्या दिवशीच एखाद्या शेतकऱ्याच्या वारसनोंदीची दुसरी प्रत कधी नव्हतीच, हे उघड होईल. नियम लिहिताना नावाचे रूपांतर एकाच प्रकारच्या अक्षरांत करून मग तुलना करावी, ही यावरील साधी तोड आहे.

दुसरा धोका चिन्हांचा. या नियमभाषेत शेकड्याचे चिन्ह म्हणजे 'कितीही अक्षरे' आणि अधोरेषा म्हणजे 'कोणतेही एक अक्षर'. 'गाव' या शब्दापुढे अधोरेषा असलेली नावे वेचावयाची म्हणून कोणी ती जशीच्या तशी नियमात लिहिली, तर 'गावठाण' या शब्दाने आरंभ होणाऱ्या फाइलीही त्यात सापडतील. अधोरेषा ही अधोरेषाच समजावी, असे नियमात स्वतंत्रपणे सांगावे लागते.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. 'कऱ्हाड' किंवा 'वऱ्हाड' यांतील 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन रीतींनी नोंदविता येते: एकाच संकेताने, अथवा 'र' व त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत. देवनागरी अंक व रोमन लिपीसोबत वापरले जाणारे अंकही तुलनेत जुळत नाहीत. सबब, ज्या नावांवर नियम चालावयाचे आहेत त्यांची लेखनपद्धती आधी निश्चित करून ती सर्व कर्मचाऱ्यांस लेखी कळविणे हे नियम लिहिण्याइतकेच महत्त्वाचे होय.

तिसरी गोष्ट जन्मक्षणाची. नियम बदलला तरी जुन्या फाइली आपापल्या जागीच राहतात. नाव बदलले तरीही फाइल हलत नाही. त्यांच्यासाठी स्थलांतराचे वेगळे नियम लिहून संपूर्ण साठ्यावरून फेरी मारावी लागते. येथेच एक नित्याचा फसवा प्रसंग उद्भवतो. 'आरसिंक' हे फाइली नकलण्याचे प्रचलित साधन नकल पूर्ण होईपर्यंत फाइलीस तात्पुरते नाव देते. त्यात मूळ नावापूर्वी टिंब असते आणि शेवटी आणखी काही अक्षरे जोडलेली असतात. नकल संपल्यावर खरे नाव लागते, पण नियमाने तोवर तात्पुरते नाव वाचून जागा दिलेली असते. अखेरच्या अक्षरांवर बेतलेला नियम अशा वेळी लागूच पडत नाही.

'ग्लस्टर' या दुसऱ्या प्रणालीत फाइलच्या नावावरून एक अंक काढला जातो आणि त्यावरून तिचे स्थान ठरते. आरसिंकची ही रीत ओळखून ती प्रणाली तात्पुरत्या नावातील वाढीव भाग वगळते व उरलेल्या मूळ नावावरून अंक काढते. तेथे नाव बदलून नवा अंक दुसऱ्या स्थानाचा निघाला, तर मजकूर जुन्याच जागी राहतो आणि नव्या जागी केवळ निर्देश करणारी रिकामी फाइल ठेवली जाते. प्रणाली बदलली तरी नाव हे नावच असते; मजकुराची ती हमी नव्हे.

या विवेचनावरून व्यवस्थापनाची काही सूत्रे निघतात. नियम थोडे असावेत आणि प्रत्येकापुढे तो कोणी, केव्हा व कशासाठी केला याची टीप असावी. नवा नियम लागू करताच नमुन्याच्या चार-दोन फाइली निर्माण करून त्या कोणत्या गटात गेल्या, हे प्रत्यक्ष पाहावे. नियम लिहिला गेला म्हणजे तो पाळला गेला, असे मानू नये. स्थलांतराची किंवा विलोपनाची फेरी काढण्यापूर्वी चाचणीची फेरी काढावी. 'स्टोरेज स्केल'मध्ये काहीही न हलविता, काय हलविले अथवा पुसले जाईल एवढेच दाखविण्याची सोय आहे. तिचा उपयोग न करणे अक्षम्य होय. केवळ नावावरून फाइली पुसण्याचा नियम तर शक्यतो करूच नये, कारण 'तात्पुरते' असे नाव दिलेल्या फाइलीत कोणाचे तरी महिन्याचे काम असू शकते.

अखेरीस, जे अभिलेख 'अ' वर्गाचे आहेत त्यांचे रक्षण नावावर सोपवू नये. या प्रणालीत फाइलींचा स्वतंत्र संच करून तो संच, अथवा फाइलचा मालक, पाहून जागा देणारे नियमही लिहिता येतात. संच अधिकारी ठरवितो. नाव तर घाईत असलेला कोणीही देतो. किरकोळ कागदांसाठी नावावरील नियम सोयीचा व स्वस्त आहे. ज्या कागदावर एखाद्या कुटुंबाची जमीन किंवा विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र अवलंबून आहे, त्याच्यासाठी मात्र संचावरील नियम आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष तपासणी, या दोहोंना पर्याय नाही. तपासणीच्या दिवशी यादीतील कोणतीही दहा नावे घ्यावीत, त्या फाइली कोठे आहेत आणि त्यांच्या किती प्रती आहेत ते पाहावे, आणि जे आढळेल ते नोंदवहीत लिहून ठेवावे.