शितावरून भाताची परीक्षा

संगणकाचा प्रोग्रॅम रेंगाळू लागला, म्हणजे त्याचा वेळ नेमका कोठे जातो याचा शोध घ्यावा लागतो. ही कामगिरी करणाऱ्या साधनास प्रोफायलर म्हणतात. बर्कली येथील सुझन ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅक्यूसिक यांनी १९८२ साली ‘जीप्रॉफ’ नावाचा असा प्रोफायलर विद्वानांपुढे मांडला. त्याची रीत गृहिणींच्या परिचयाची आहे. भात शिजला की नाही हे पाहण्यास कोणी पातेले उपसत नाही. चार शिते चेपून पाहतात. जीप्रॉफही सर्वसाधारणपणे सेकंदाला शंभर वेळा डोकावतो, त्या क्षणी प्रोग्रॅमचे कोणते फंक्शन चालू आहे ते टिपतो आणि त्या नोंदींवरून वेळेचा हिशेब मांडतो.

परंतु प्रोफायलर हाही प्रोग्रॅमच. तेव्हा त्याचीही चाचणी घेणे आलेच. समजा, दोन फंक्शने आळीपाळीने चालतील अशी योजना केली, पहिल्याच्या वाट्यास एकूण एक सेकंद दिला आणि त्याच्या नोंदी बरोबर शंभरच भराव्यात असा दंडक घातला. चाचणी सकाळी उत्तीर्ण होते, दुपारी नापास होते. मध्ये कोणी एक अक्षरही बदललेले नसते. याचे उत्तर जीप्रॉफच्या जीएनयू आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतच आहे. नोंदींतील अपेक्षित चूक त्यांच्या संख्येच्या वर्गमूळाइतकी असते. शंभरांत दहांचा फरक हा बिघाड नव्हे, स्वभाव होय.

अशा वेळी चाचणी वगळून टाकण्याचा किंवा ती उत्तीर्ण होईपर्यंत पुनःपुन्हा चालविण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. उद्या खरोखरच एका फंक्शनचा वेळ दुसऱ्याच्या खाती पडू लागला, तर ‘लांडगा आला’ ही हाक कोणी ऐकणार नाही, आणि प्रोफायलरवर विसंबणारा मनुष्य प्रोग्रॅमचा निर्दोष भागच दुरुस्त करीत बसेल.

खरा उपाय चाचणी दुभंगण्याचा. हिशेब तपासताना घड्याळ दूर ठेवावे आणि नोंदी हाताने पुरवाव्यात. एका फंक्शनच्या साठ व दुसऱ्याच्या चाळीस नोंदी दिल्या, की उत्तर ०.६० आणि ०.४० सेकंदच आले पाहिजे. तेथे कवडीचीही तफावत चालू नये. घड्याळाची चाचणी निराळी घ्यावी आणि तीत वर्गमूळाच्या दुप्पट-तिप्पट सवलत ठेवावी. सवलत आखूड हवी असेल, तर नोंदी वाढवाव्यात. दहा हजारांत चूक शंभर, म्हणजे एकच टक्का. मात्र त्यासाठी चाचणी शंभर सेकंद चालवावी लागते, आणि दर बदलानंतर तेवढे थांबण्याचा धीर फारच थोड्यांपाशी असतो.