जत्रा भरली, आता आपली बैठकही भरवू या

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बचतगटांच्या सगळ्या बायकांना, आणि गटात नसल्या तरी कामं करता करता रेडिओ ऐकणाऱ्या ताई-मावश्यांना, आम्हा गटाचं काम करणाऱ्यांना काही सांगायचं आहे.

श्रावण लागला आहे. पश्चिमेकडच्या गावांत भाताची आवणी उरकत आली असेल. इकडे पूर्वेला टोमॅटोची तोडणी चालू आहे. नागपंचमी झाली, राखीपौर्णिमा जवळ आली आहे, माहेरवाशिणी यायच्या आहेत. एवढ्या गडबडीत तुमची दहा-बारा मिनिटं मागतोय. कारण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आपल्याला एक गोष्ट ठरवायची आहे.

दोन वर्षांनी आपली गावं पुन्हा गजबजली. राज्य सरकारने २ एप्रिल २०२२ पासून, म्हणजे गुढीपाडव्यापासून, कोरोनाचे निर्बंध उठवले. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन यात्रेची सुपारी देतात. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावाने दोन हंगाम सुने पाहिले होते. २०२२ साली गावोगाव यात्रा भरल्या. बैलगाडा शर्यतींची बंदी कोरोनाची नव्हती, ती न्यायालयाची होती. पण सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली, आणि यात्रांबरोबर घाटही पुन्हा गाजले. आषाढीला २०२० आणि २०२१ साली माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. २०२२ साली पालखी पायी गेली. आपल्या ओतूरला कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी पाहायला श्रावणी सोमवारी पुन्हा रीघ लागली.

हे सगळं पाहून आनंदच होतो. पण गावोगाव फिरताना आम्ही बायकांना एक प्रश्न विचारतो. तुमचं काय काय पुन्हा सुरू झालं?

मग बायका एकमेकींकडे बघतात. पंचमीचा फेर? यंदा चार पोरींनी धरला, बाकीच्या आल्या नाहीत. संध्याकाळचं भजन? पेटी वाजवणारी आता शहरात लेकाकडे असते, तेव्हापासून बंद. गटाची बैठक? होते की, म्हणजे बचत गोळा होते. आणि बसता कधी? बसत नाही ताई, अध्यक्षीण दारावरून पैसे घेऊन जाते.

कोरोनात दारावरून पैसे घेणं बरोबरच होतं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यामुळेच कित्येक गट तगले. प्रश्न आजचा आहे. जत्रेला हजार माणूस जमतं आणि दहा बायकांनी तासभर सतरंजीवर बसायचं म्हटलं तर अजून जमत नाही, असं का?

परदेशात बऱ्याच शहरांत नगरपालिकेचं एक वेगळं खातंच असतं. मैदानं, पोहण्याचे तलाव, व्यायामाचे वर्ग, म्हाताऱ्या माणसांची भेटण्याची जागा, बायकांचे शिवणकामाचे वर्ग, मुलांची सुट्टीतली शिबिरं, हे सगळं ते खातं चालवतं. महामारीत ते बंद पडलं आणि नंतर टप्प्याटप्प्याने उघडलं. आधी मोकळ्या हवेतलं, मग खोलीतलं. आधी थोडी माणसं, मग जास्त. कोणता वर्ग कोणत्या वारी, कुठे, किती जणांना, हे छापून लोकांना कळवलं. कारण ते कोणाचं तरी कामच होतं.

आपल्या गावात असं खातं नाही. मग जत्रा कशी सुरू झाली? जत्रेला यात्रा कमिटी आहे. तिथी ठरलेली आहे. घरटी वर्गणी आहे. माणसं, दिवस आणि पैसा, तिन्ही ठरलेलं असल्यामुळे दोन वर्षं बंद पडलेली जत्रा तिसऱ्या वर्षी आपोआप उभी राहिली. आपल्या बैठकीला, भजनाला, फेराला यातलं काहीच नव्हतं. ते सवयीवर चाललं होतं. सवय तुटली आणि ते थांबलं. ते आपोआप सुरू होणार नाही, आणि आपल्यासाठी दुसरं कोणी सुरू करणार नाही.

आता कोणी म्हणेल, बायका एकत्र बसल्या नाहीत तर बिघडतं काय? एका गटातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. दुसऱ्या लाटेत एका ताईंच्या मालकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. जीव वाचला, पण बिल मोठं झालं. ताईंनी एका सावकाराकडून २०,००० रुपये घेतले, शेकडा ५ रुपये महिना व्याजाने. म्हणजे दर महिन्याला १,००० रुपये नुसतं व्याज. त्यांनी हे घरात सासूलाही सांगितलं नाही. गटाची बचत मात्र त्या दर महिन्याला वेळेवर देत होत्या. वहीत त्यांचं नाव स्वच्छ होतं. वही बघून कोणालाही वाटलं असतं, या बाईचं बरं चाललंय.

दहा महिने असे गेले. मग गटाने ठरवून देवळाच्या ओट्यावर पहिली बैठक घेतली. बैठकीतही त्या गप्पच होत्या. बैठक संपली, बाकीच्या निघाल्या, आणि सतरंजीची घडी घालताना त्या शेजारणीजवळ बोलल्या. तोवर व्याजाचे १०,००० रुपये गेले होते आणि मुद्दल होतं तसं उभं होतं. पुढच्या बैठकीत गटाने त्यांना अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा २ रुपयांनी. सावकार मिटला. आता पहिल्या महिन्याचं व्याज ४०० रुपये, आणि मुद्दल फिटेल तसं तेही कमी होतंय.

ही गोष्ट दारावरून पैसे नेणाऱ्या बाईला कधीच कळली नसती. दारात सासू असते, पोरं असतात, मालक खाटेवर बसलेले असतात. तिथे बाई पैसे देते आणि ‘बरंय’ म्हणते. ज्या दहा महिन्यांत त्या गप्प होत्या, त्याच महिन्यांत गटाच्या खात्यात पैसे पडून होते. आपण पंचसूत्री शिकलो, तिच्यात नियमित बैठक पहिली आहे आणि बचत तिच्यानंतर, ते उगीच नाही.

कोणाच्या मुलीची शाळा मोबाइलअभावी सुटली आणि आता घरात तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय, कोणाला रात्री झोप येत नाही, कोणाच्या अंगावर वळ आहेत, हे सगळं असंच सतरंजीची घडी घालताना कळतं.

तेव्हा जत्रेचा धडा आपण घेऊ. दिवस, जागा, पैसा आणि जबाबदारी ठरवू.

आधी दिवस आणि वेळ. आपल्याकडे बिबट्या आहे. उसाच्या कडेने अंधारात एकटीदुकटीने जायचं नाही, हे लहान पोरालाही माहीत आहे. त्यामुळे ‘रात्री जेवणं झाल्यावर बसू’ हे आपल्या भागात चालणार नाही. बैठक उजेडी हवी आणि वाडी-वस्तीवरची बाई उजेडात घरी पोचायला हवी. पण दिवसा मजुरी असते. काही गावांत आठवडे बाजाराच्या दिवशी शेतावर काम नसतं, तिथल्या बायकांनी तोच दिवस धरलाय. तुमच्या गावात कोणता दिवस सोयीचा ते तुम्हीच ठरवा. पण एकदा ठरला की बदलू नका.

मग जागा. समाजमंदिर, शाळेची जुनी खोली, ग्रामपंचायतीचं सभागृह. कोरोनात काही गावांत या खोल्या विलगीकरणाला घेतल्या होत्या. तिथे खाटा आणि गाद्या पडून राहिल्या, आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणी सांगत नाही. खोली गावाची आहे. आठवड्यातून दोन तास ती बायकांसाठी उघडी हवी आणि किल्ली ग्रामसंघाकडे हवी, असं मागा.

मग पैसा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायची असते. समजा पंचायतीचं उत्पन्न ३ लाख रुपये आहे, तर ३०,००० रुपये यासाठी. गेली दोन वर्षं ही रक्कम कशावर खर्च झाली, ते ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना विचारा. भांडायला नको, नुसतं विचारा. यंदाच्या रकमेतून नियमाप्रमाणे आपल्यासाठी काय काय करता येईल, तेही विचारा. आपली गरज तरी केवढी? दोन सतरंज्या, एक दिवा, मुलींसाठी दोरीच्या उड्या आणि चेंडू, आरोग्याच्या माहितीसाठी महिन्यातून एक दिवस.

आणि जबाबदारी. यात्रा कमिटीसारखी आपलीही पाच जणींची कमिटी करा. तिच्यात एक सासू असू दे, एक सून असू दे, एक कॉलेजला जाणारी मुलगी असू दे.

हे मागायचं कुठे? ग्रामसभेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदा आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावर होते आणि सह्या घरी येतात. या वेळी सही घरी आली तर म्हणा, ‘सभा घ्या, आम्ही तिथे येऊन सही करतो.’ १५ ऑगस्ट श्रावणी सोमवारी आला तर? उपवास असेल, काही जणी ओतूरला दर्शनाला जातील. अशा वेळी आधीच्या रविवारी महिला सभा ठेवायला सांगा आणि सोमवारी कोणी कोणी ग्रामसभेला थांबायचं, ते आधी वाटून घ्या. तुमच्या गावाची तारीख वेगळी असेल तर फलकावर पाहून ठेवा.

ठराव अवघड नसतो. असा लिहा: ‘आमच्या गावातील महिलांच्या बैठकीसाठी व कार्यक्रमांसाठी दर आठवड्याला अमुक वारी अमुक वेळेत समाजमंदिर खुले ठेवावे, किल्ली ग्रामसंघाकडे द्यावी, व त्यासाठी लागणारा खर्च महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून नियमाप्रमाणे करावा.’ खाली सूचक आणि अनुमोदक, दोघी बायकाच. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, ते उठायच्या आधी वाचून घ्या.

आता एक नाजूक गोष्ट. आपण ‘पहिल्यासारखं सुरू करू’ म्हणतो. सगळंच पहिल्यासारखं करायचं का? कोरोनाच्या दोन वर्षांत आपल्या कित्येक मैत्रिणींचे मालक गेले. काहींचं वय तेव्हा तिशीही नव्हतं. श्रावणातले खेळ आणि संक्रांतीचं हळदीकुंकू पहिल्यासारखं केलं, तर ज्यांना सगळ्यांत जास्त आधाराची गरज आहे त्याच दाराआड राहतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर १७ मे ला राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आपण किमान एवढं ठरवू, की आपल्या बैठकीचं बोलावणं प्रत्येक घरी जाईल आणि फेरात प्रत्येकीचा हात धरला जाईल. २०२२ साली कोरोनाने मृत्यू झालेल्या माणसाच्या वारसाला ५०,००० रुपयांची मदत होती, आणि एकल महिलांना योजना मिळाव्यात म्हणून तालुक्याला ‘मिशन वात्सल्य’ची समिती होती. ज्या ताईंचे कागद अजून अडले आहेत, त्यांच्यासोबत कमिटीतल्या दोघींनी तहसील कचेरीत जायचं. जुन्नरच्या जुन्नरला, आंबेगावच्या घोडेगावला.

आणि काळजीही घ्यायची. कोरोना अजून गेलेला नाही. ज्या दिवशी ताप-खोकला असेल, त्या दिवशी घरी थांबा, त्यासाठी दंड लावू नका. पाऊस नसेल तर ओट्यावर किंवा झाडाखाली बसा, खोलीत बसलात तर खिडक्या उघड्या ठेवा. १८ वर्षांपुढच्या सगळ्यांना २०२२ साली १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर बूस्टर डोस मोफत होता.

घरून विचारतील, ‘आठवड्याला काय असतं तुमचं?’ तेव्हा सावकाराकडे गेलेल्या त्या १०,००० रुपयांचा हिशोब सांगा. आणि हिशोबापलीकडचंही सांगा. आठवडाभर वाकून काम केल्यावर तासभर हसायला, गायला, गप्प बसायला आपल्यालाही जागा हवी. पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे, घाट आहे. आपण आठवड्याचे दोन तास मागतोय.

पहिल्या दिवशी चौघीच आल्या तरी बसा. चौघी बसलेल्या दिसल्या की पाचवी येते. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा बोलू, तेव्हा कोणत्या गावाने कोणता वार धरला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. तुमच्या सीआरपी ताईंकडे कळवून ठेवा.

सणाच्या शुभेच्छा. उजेडातच घरी पोचा.