किल्ली एकच, हात अनेक
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्ही सरकारी खात्यातली, डिप्लोमावाली माणसं. कचेरीत आम्हा तिघांकडे पेन्शनची बिलं काढणारी संगणक प्रणाली सांभाळायला आहे. मूळ प्रोग्राम सी प्लस प्लसमधला, पण महागाईच्या दरांचे नियम पायथॉनमध्ये. दर बदलला की चार ओळी बदलायच्या. सगळा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायला नको. स्क्रीन अडू नये म्हणून हिशेब मागच्या थ्रेडवर चालतो.

प्रणाली आमच्याकडे आली तेव्हा ऐन महिनाअखेरीस गोठायची. एररही यायची नाही. म्हाताऱ्या माणसांची पेन्शन मात्र लांबायची.

कारण समजून घ्या. पायथॉन प्रत्येक वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी ठेवतं. मोजणी शून्य झाली की मेमरी मोकळी. दोन थ्रेडनी एकाच क्षणी मोजणी बदलली तर एक नोंद हरवू शकते, वापरातली मेमरीच मोकळी होते आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’ आहे. मंडळाच्या कोठीघराची एकच किल्ली समजा. ती ज्याच्या हाती, तोच आत.

पायथॉनने उघडलेले थ्रेड या किल्लीची देवघेव आपसूक करतात. सी प्लस प्लसने उघडलेल्या थ्रेडला मात्र पायथॉन ओळखत नाही. त्याने ‘पायगिलस्टेट एन्शुअर’ने किल्ली मागायची आणि काम झाल्यावर ‘पायगिलस्टेट रिलीज’ने परत करायची.

आमच्या प्रणालीत हे दोन्ही होतं. तरी अडायचं, कारण यादी मोठी असली की मुख्य थ्रेड किल्ली न सोडता आधीचा गठ्ठा संपायची वाट पाहायचा, आणि मागचा थ्रेड किल्लीची. चिटणीस किल्ली खिशात ठेवून म्हणतात, ‘आधी ताटं आणा’. ताटं तर कोठीत! उपाय दोन ओळींचा निघाला: वाट पाहण्याआधी ‘पायइव्हल सेव्हथ्रेड’ने किल्ली सोडायची, नंतर ‘पायइव्हल रिस्टोअरथ्रेड’ने परत घ्यायची. तेव्हापासून बिलं वेळेवर निघतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. किल्ली हातात ठेवून कुणाची वाट पाहू नका. काम मध्येच बिघडलं तरी किल्ली परत गेलीच पाहिजे. आणि पायथॉन बंद करण्याआधी मागचे सगळे थ्रेड थांबलेत याची खात्री करा.

ऑक्टोबर २०२४ मधल्या पायथॉन ३.१३ सोबत या लॉकशिवाय चालणारी प्रायोगिक आवृत्तीही आली. पण बाहेरच्या थ्रेडने आत येताना नोंद करायची, हा नियम तिथेही सुटलेला नाही.

मित्रहो, स्क्रीनपलीकडे कुणाच्या तरी औषधांचे पैसे अडलेले असतात. तेवढं ध्यानात ठेवून कोड लिहा.

गणपती बाप्पा मोरया!