जर्बिलचे रंग आणि वंशाची वही



‘खाण तशी माती’ आणि ‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’ या दोन म्हणींवर आपल्या समाजाचे वंशविषयक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. पहिली म्हण बव्हंशी खरी, परंतु अपुरी आहे. दुसरी अधिक खरी आहे. मात्र तिची दुसरी बाजू क्वचितच कोणी ध्यानात घेतो. आडात असे पुष्कळ काही असते, जे अनेक पिढ्या पोहऱ्यात येतच नाही. एके दिवशी ते वर आले, की लोक चकित होतात आणि ज्याचा काही अपराध नाही अशालाच दोष देतात. जर्बिल नावाच्या एका लहानशा पाळीव प्राण्याच्या रंगावरून या गोष्टीचा उलगडा फार सुबोधपणे होतो.

जर्बिल हा उंदराच्या जातीचा, परंतु केसाळ शेपटीचा प्राणी होय. त्याचे मूळ घर मंगोलिया व उत्तर चीनमधील कोरडी माळराने. १९३५ साली अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या २० जोड्या जपानमध्ये संशोधनासाठी नेण्यात आल्या. त्यांच्या वंशातील ११ जोड्या १९५४ साली अमेरिकेस पोहोचल्या. पुढे प्रयोगशाळेतून हा प्राणी तिकडील घराघरांत गेला आणि मुलांचा आवडता झाला. आपल्याकडे शेतात बिळे करून राहणारा भारतीय जर्बिल हा त्याच कुळातला.

जर्बिलचा मूळ रंग सोनेरी-तपकिरी. त्याचा पाठीवरील एकच केस निरखून पाहिला, तर मुळाशी करडा, मध्ये पिवळा आणि टोकास काळा असे तीन पट्टे दिसतात. पोट मात्र पांढरे असते. आता समजा, अशा दोन सोनेरी जर्बिलांना पिल्ले झाली. जन्मतः ती उघडी, गुलाबी असतात. आठवडाभराने लव उगवू लागते, आणि त्यांत एक पिल्लू चक्क काळे निघते. मादी तर पिंजऱ्याबाहेर कधी गेलेली नाही. मग हा काळा रंग आला कोठून?

याचे उत्तर ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवरून शोधले आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. जगाने त्याची दखल घेतली ती १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर. प्रत्येक गुणासाठी जिवाच्या ठायी दोन जनुके असतात, एक पित्याकडून आलेले व एक मातेकडून. जर्बिलमध्ये सोनेरी रंगाचे जनुक प्रभावी आहे आणि काळ्याचे अप्रभावी. दोन्ही एकत्र आली तर जर्बिल सोनेरीच दिसतो. काळे जनुक नष्ट होत नाही, झाकले जाते. अशा दोन सोनेरी जर्बिलांचा संयोग झाला, आणि एखाद्या पिल्लास दोघांकडूनही काळे जनुकच मिळाले, तर ते पिल्लू काळे होते. सरासरीने चारांत एक.

शिक्षकांना हे वर्गात दाखविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. दोन नाणी पुरेत. छाप म्हणजे सोनेरी जनुक, काटा म्हणजे काळे. दोन्ही नाणी एकदम उडवून दोन्ही काटे पडले तरच ‘काळे पिल्लू’ असे लिहावे. अशी शंभर वेळा नोंद केली, की काळ्यांची संख्या पंचविसाच्या आसपास येईल. परंतु केवळ चारच वेळा नाणी उडविली, तर एकदाही दोन काटे न पडणे मुळीच नवलाचे नाही. जवळजवळ तीनांत एकदा असे घडते. जर्बिलच्या एका वेतात साधारणतः चार ते सहाच पिल्ले असतात. तेव्हा एका वेतात काळे पिल्लू आले नाही, म्हणून आईबाप ‘शुद्ध सोनेरी’ ठरत नाहीत. थोड्या दाखल्यांवरून मोठा निर्णय करू नये, हा धडा जर्बिलपुरताच नाही.

याहून विस्मयकारक एक प्रकार आहे. गुलाबी डोळे व फिकट केस देणारे एक वेगळे अप्रभावी जनुकही जर्बिलमध्ये आहे. शुद्ध वंशाचा काळा नर आणि शुद्ध वंशाची, गुलाबी डोळ्यांची फिकट सोनेरी मादी यांची जोडी लावली, तर सारी पिल्ले थेट माळरानावरील पूर्वजांसारखी, काळ्या डोळ्यांची गडद सोनेरी निघतात! आईबापांपैकी एकाचाही रंग त्यांच्यात नाही. कारण स्पष्ट आहे. प्रत्येकाच्या ठायी जे उणे होते, ते दुसऱ्याने पुरविले. या पिल्लांच्या पुढील पिढीत सरासरीने सोळांत नऊ गडद सोनेरी, तीन काळी, तीन गुलाबी डोळ्यांची सोनेरी आणि एक गुलाबी डोळ्यांचे राखी असे चार प्रकार दिसून येतात.

झाकलेले जनुक ओळखावयाचे कसे? शास्त्रीय मार्ग असा, की शंका असलेल्या सोनेरी जर्बिलची जोडी काळ्याशी लावावी. एकही काळे पिल्लू झाले, तर प्रश्न मिटला. काळे जनुक झाकलेले असूनही ओळीने सातही पिल्ले सोनेरीच निघण्याचा योग १२८ मध्ये एकच. परंतु येथे प्राण्याचा स्वभाव आड येतो. जर्बिल जोडीने राहणारा असून परक्यावर तुटून पडतो; अनोळखी दोघांना एकाएकी एकत्र सोडल्यास एखाद्याचा जीवही जातो. केवळ जिज्ञासेपोटी जमलेली जोडी मोडणे म्हणूनच इष्ट नव्हे. सुज्ञ पालक यास्तव वहीचा आधार घेतो. प्रत्येक वेताची तारीख, आईबाप, पिल्लांची संख्या, प्रत्येकाचा रंग यांची नोंद तो ठेवतो. काळ्या बापाच्या सोनेरी लेकीत काळे जनुक असणारच, हे ती वही कोणताही प्रयोग न करता सांगते.

अशी वही कधी कधी न जन्मलेल्यांचाही हिशेब देते. जर्बिलमध्ये कपाळावर व मानेवर पांढरे ठिपके देणारे एक प्रभावी जनुक आहे. ठिपकेदार जर्बिल सुंदर दिसतो, म्हणून ठिपकेदार नर व ठिपकेदार मादी यांची जोडी लावण्याचा मोह होतो. नियमानुसार तीन ठिपकेदारांमागे एक साधे पिल्लू अपेक्षित असता प्रत्यक्षात दोनामागे एक येते. वेतेही लहान होतात. ज्या पिल्लास दोघांकडूनही ठिपक्याचे जनुक मिळते, ते गर्भातच मरते. फ्रान्समधील नान्सी येथील ल्युसियँ क्येनो यांना १९०५ साली पिवळ्या उंदरांत असेच कोडे पडले होते. अमेरिकेतील कॅसल व लिटल यांनी १९१० साली ते सोडविले. ठिपकेदाराची जोडी साध्या रंगाच्या जर्बिलशीच लावावी. निम्मी पिल्ले ठिपकेदार होतात आणि या जनुकापायी एकही गर्भ दगावत नाही.

या शास्त्राचा एक धागा भारतापर्यंत येतो. उंदरांतील रंगांची दोन जनुके जोडीने पुढील पिढीत जातात, हे १९१५ साली दाखवून देणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन हे होते. ते १९५७ साली भारतात येऊन कलकत्त्यास काम करू लागले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

गोठ्यातही हाच नियम चालतो. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन जोडीस क्वचित तांबडे-पांढरे वासरू होते, ते दोघांच्याही ठायी तांबडे जनुक झाकलेले असते म्हणून. त्यात दृष्ट लागलेली नसते, गाईचाही दोष नसतो. माणसाच्या वर्णाचा हिशेब याहून पुष्कळ गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे अनेक जनुकांचा मेळ असतो. चारांत एक हे कोष्टक तेथे लागू पडत नाही. परंतु झाकलेले पुढे येऊ शकते, हे तत्त्व तेथेही खरे आहे. सावळे मूल जन्मले म्हणून सुनेकडे बोट दाखविणाऱ्या घराने एवढे ध्यानी ठेवावे, की वारशात आईचा वाटा असतो तसाच बापाचाही असतो, आणि दोघांच्या मागे आजे-पणजे उभे असतात. पोहऱ्यात आज जे दिसले, ते आडात फार पूर्वीपासून होते.