पिलांचे दुखणे : आधी कारण, मग औषध
(वार्षिक संमेलनातील भाषण)



अंधेरी-बोरिवलीच्या जुन्या गावठाणांत परसातले खुराडे हे गृहिणीचे स्वतःचे भांडवल असे. इमारती उठल्या, परसे आटली. तरी आपल्यापैकी काही कुटुंबांनी हा जोडधंदा गावाकडे टिकविला आहे. शंभर पिले आणावीत आणि पंधरवड्यात निम्मी मरावीत, म्हणजे कोणी दैवाला बोल लावतो, कोणी शेजाऱ्याने सांगितलेले औषध पाण्यात कालवितो. त्याआधी कारण शोधावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न वयाचा. पहिल्या आठवड्यात पोट फुगले, बेंबी ओली राहिली, तर उबवणीच्या जागेतील अस्वच्छतेचा संशय घ्यावा. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील, तर ऊब अपुरी आहे. या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढरी, चिकट हगवण लागून पिले मरू लागली, तर पुलोरम असू शकतो. त्याचे जंतू कोंबडीच्या अंड्यातूनही पिलात उतरतात. म्हणून खरा उपाय मातृकळपाच्या रक्ततपासणीत आहे. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना रक्ती हगवण लागली, तर पायाखालचे तूस पाहावे. आपल्या पावसाळ्यात ते ओले राहते, आणि त्या ओलाव्यातच या रोगाचे परजीवी वाढीस लागतात.

तथापि लक्षणे फसवितात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या झपाट्याने मेल्या, तेव्हा आरंभी तो राणीखेत, म्हणजे मानमोडी, असावा असे मानले गेले. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीने फेब्रुवारीत निदान केले, ते बर्ड फ्लूचे. मग लाखो पक्षी नष्ट करावे लागले. नुसत्या डोळ्यांनी हा भेद कळला नसता. हा रोग माणसालाही होऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे योग्य निदानाचे मोल कळते.

म्हणून आमची विनंती अशी : किती पिले, कोणत्या दिवशी, कोणत्या वयाची मेली, याची वहीत नोंद ठेवावी. आजारी पिले आणि नुकतेच मेलेले पिलू पशुवैद्याकडे न्यावे. मेलेले पिलू पिशवीत बांधून बर्फावर ठेवावे, गोठवू नये. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उपनगरांतून लोकलच्या वाटेवर आहे. तपासणीविषयी तेथे विचारता येईल. तपासणीपूर्वी प्रतिजैविके देऊ नयेत. त्यांनी विषाणू मरत नाहीत, आणि जंतूंचा माग मात्र पुसला जातो. एकाएकी पुष्कळ पक्षी मेल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्यास त्वरित कळवावे.

मेलेले पिलू परत येत नाही. पण त्याच्या मरणाचे कारण कळले, तर उरलेली वाचू शकतात.